फोनवरची रहिमा

रोह्याला कुंडलिका नदीच्या पुलापलीकडे अष्टमी नावाचं गाव आहे, आणि अष्टमीतल्या जुन्या बायका अजूनही रहिमाच्या आवाजाच्या गोष्टी सांगतात. तिचे वडील नदीच्या अलीकडे, रोह्याच्या बाजारात भांड्यांना कल्हई करायचे. दुपारी भाकऱ्या झाल्या की आई रहिमाला काठावर पिटाळायची. ही पोरगी दगडावर उभी राहून "बाबाऽऽ" अशी हाक घालायची आणि बाजारातली चार-दोन परकी माणसंसुद्धा आपलंच जेवण तयार झालं असं समजून उठायची. यातलं निम्मं खोटं धरलं तरी उरलेलं पुरेसं आहे.

अशी मुलगी पेणच्या मोहल्ल्यात सून म्हणून आली, तेव्हा सासूच्या, म्हणजे हाजराबीच्या कपाळाला पहिल्याच दिवशी आठी पडली. "बायमाणसाचा आवाज चुलीपर्यंत गेला तरी बस," ती म्हणायची. "हिचा धरमतरच्या खाडीपर्यंत जातो. तिथले बार्जवाले ओ देतात." रहिमा खालमानेने ऐकायची आणि घटकाभराने परसातून कोंबड्यांना अशी काही हाक मारायची की हाजराबीच्या हातातली तसबीहची माळ थांबायची.

नवरा नझीर मात्र अबोल. निकाहनंतर थोड्याच महिन्यांत तो आखातात ड्रायव्हर म्हणून गेला आणि मग मोहल्ल्यातल्या निम्म्या बायकांसारखी रहिमाही शुक्रवारची बायको झाली. दर शुक्रवारी नमाज आटोपली की तिकडून फोन यायचे. घरोघरी फोन नव्हते तेव्हाची गोष्ट. हाजीसाहेबांच्या किराणा दुकानात एक काळा फोन होता आणि त्याच्याभोवती बायका दुपट्ट्याने तोंड झाकून उभ्या असायच्या. बाकीच्या कुजबुजत बोलायच्या, कारण मागे ऐकणारे कान फार. लाइन इतकी खराब की पलीकडचा माणूस "काय? काय?" करत राही आणि सगळी माया त्या "काय"मध्येच संपून जाई. रहिमाला कुजबुजता येतच नव्हतं. तिचं पहिलंच वाक्य आखातात लख्ख पोचायचं. नझीरच्या खोलीतले दोस्त त्याला चिडवायचे, की तुझ्या बायकोला फोनची काय गरज, पेणहून नुसती बोलली तरी ऐकू येईल.

नझीरचा पहिला प्रश्न ठरलेला. "काय गो, जेवलीस?"

"व्हय, जेवले," ती सांगायची. हे साफ खोटं असायचं. फोन येईपर्यंत तिच्या घशाखाली शुक्रवारी घास उतरत नसे. पण इतक्या लांबच्या माणसाला हे कशाला सांगायचं, असं तिला वाटे. पुढे घरी फोन आला, सफा झाली, मोठी झाली, शाळेत जायला लागली. नझीर दोन वर्षांनी दोन महिने यायचा, पाहुण्यासारखा. तो आला की रहिमाला त्याच्यासमोर उगाच लाजल्यासारखं व्हायचं आणि तो परत गेल्यावर पहिल्या फोनला ती पुन्हा मोकळी व्हायची. कुणी नीट पाहिलं असतं तर कळलं असतं की या दोघांचा संसार निम्म्याहून जास्त त्या तारेतच झाला. पण मोहल्ल्यात असं नीट पाहायची पद्धत नाही. आखातवाल्या घरात पंखा आणि टेप आला की संसार सुखाचा चाललाय, असं सगळे धरून चालतात.

पंच्याण्णव साली नझीरची गाडी वाळवंटातल्या रस्त्यावर उलटली. डोक्याला उजवीकडे मार लागला. तिकडच्या इस्पितळात तो बरेच दिवस पडून होता. मग कंपनीने त्याला विमानात बसवून दिलं. धाकटा भाऊ तमीम टेम्पो चालवायचा. तो मुंबईला जाऊन भावाला घेऊन आला.

गाडीतून उतरल्यावर नझीरने आईच्या हातांना डोळे लावले. सफाला जवळ घेतलं. शेजारच्या म्हाताऱ्या चाचाला नावाने हाक मारली. चाचाच्या बकरीचीही चौकशी केली आणि ती मेली हे ऐकून हळहळला. माणूस डोक्याने धड आहे म्हणून सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मग रहिमा पाण्याचा तांब्या घेऊन पुढे आली. तो तिच्याकडे बराच वेळ बघत राहिला आणि एकदम अदबीने म्हणाला, "सलाम आलेकुम बाय. तुम्ही कुठल्या?"

तमीम हसला. त्याला वाटलं भाऊ मस्करी करतोय. रहिमाही हसली. पण नझीर हसला नाही. त्याने घरात डोकावून पाहिलं आणि आईला विचारलं, "अम्मा, रहिमा कुठं हाय?"

"ही काय समोर उभी!"

"ही नाय," नझीर म्हणाला. "दिसायला तशीच हाय. गालावरचा तीळ पण तोच. पण ही ती नाय."

त्या दिवसापासून त्या घरात संशयाने जो पाय ठेवला, तो काही केल्या निघेना.

आधी नझीरचाच घ्या. त्याने आपल्या पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यात बांधली. रहिमा झाडायला आली की तो पाय वर घेऊन भिंतीला टेकायचा आणि केरसुणी कुठपर्यंत येते ते बघायचा. तिच्या हातचं जेवायचं नाही, तिने भरलेल्या मडक्यातलं प्यायचं नाही. कधी तिला अचानक विचारायचा, "मी पयल्या खेपेला आलो तेव्हा काय आणलं होतं?" रहिमा म्हणायची, "भिंतीवरचं घड्याळ. आणि माझ्यासाठी चपला, त्या पण दोन्ही डाव्या पायाच्या." उत्तर बरोबर आलं की त्याचा चेहरा आणखी काळवंडायचा. मग तो तमीमला बाजूला घेऊन सांगायचा, "बघितलंस? सगळं पाठ करून आलीय. हिला कोणीतरी शिकवून पाठवलंय."

हाजराबीचा संशय वेगळ्या दिशेला. तिचा मुलगा सगळ्यांना ओळखतो, मेलेल्या बकरीलासुद्धा ओळखतो, मग नेमकं बायकोलाच का ओळखत नाही? त्याअर्थी सुनेनेच काहीतरी केलेलं असणार. म्हातारीने उशा उसवून पाहिल्या, उंबऱ्याखालची माती उकरली. काही मिळालं नाही, तेव्हा म्हणाली, "हुशार हाय. लपवलंय."

आणि मोहल्ल्याला तर काय, आयतंच सापडलं. नवरा इतकी वर्षं परदेशात, बायको एकटी, आवाज हा असा खणखणीत. नझीरला तिकडे काहीतरी कळलं असणार, म्हणूनच तो तिला ओळख देत नाही. ज्या बायका शुक्रवारी फोनपाशी तिच्या शेजारी उभ्या राहायच्या, त्या आता पाणी भरताना ती आली की हंडे उचलायच्या. या बायकांचा मला आजही राग येतो. त्यांचेही नवरे तिकडेच होते. म्हणजे त्यांना तरी कळायला हवं होतं.

आता राहिली रहिमा. तिला साधी समजू नका. तिच्याही मनात संशय होता आणि तो सगळ्यांत खोल. गडब गावच्या एका माणसाने तिकडे दुसरा निकाह केला होता आणि इथल्या बायकोला नांदवायचं नाही म्हणून वेड्याचं सोंग घेतलं होतं, हे सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं. नझीरचंही तेच, असं रहिमाने मनाशी घेतलं. मार लागला असेल, नाही कोण म्हणतं? पण एका बायकोपुरताच मार कसा लागेल? तो आंघोळीला गेला असता एकदा किल्ली खुंटीला राहिली. रहिमाने पेटी उघडली. शर्ट हुंगून पाहिले. तळाशी कागदात गुंडाळलेलं जांभळ्या जॉर्जेटचं कापड होतं, कोरं. तिने ते बोटांनी चाचपलं. घरी आल्यावर सगळ्यांच्या वस्तू वाटून झाल्या होत्या. हे मात्र कुणालाच दिलं नव्हतं. कुणासाठी ठेवलंय मग? तिने पेटी बंद केली आणि चुलीपाशी येऊन बसली. कांदा न चिरताच तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

एक गोष्ट मात्र तेव्हाच घडली होती, आणि तिचा अर्थ कुणाच्याच लक्षात आला नाही. नझीरच्या डोक्याला त्रास नको म्हणून रहिमा घरात अगदी हळू बोलायला लागली होती. पण एक दिवस परसात मांजर कोंबडीच्या पिल्लांवर झेपावलं आणि ती जुन्या आवाजात ओरडली. पुढच्या ओटीवरून नझीर अक्षरशः धावत आला. "रहिमा! आलीस?" चेहरा असा उजळलेला, की तो परत आल्यापासून तसा तिने पहिल्यांदाच पाहिला. मग त्याची नजर तिच्यावर पडली आणि सगळं विझलं. त्याने विहिरीमागे पाहिलं, लाकडांच्या ढिगामागे पाहिलं. "कुठं लपवलंत तिला?" त्याने हलक्या आवाजात विचारलं. रहिमाला वाटलं, सोंगाची हद्द झाली.

हे सगळं एकवेळ निभावलं असतं. खरं संकट गोळ्यांचं होतं. डोक्याच्या मारामुळे त्याला फिट यायची भीती होती आणि रोज न चुकता गोळ्या घ्यायला डॉक्टरांनी बजावलं होतं. नझीर गोळ्या घेईना. रहिमाने दिल्या तर नाहीच, पण हाजराबीने दिल्या तरी नाही. "तू भोळी हायस अम्मा. तिने बदलून ठेवल्यात." तमीमने दुकानातून बंद पाकीट आणून समोर फोडलं, तेव्हा दोन दिवस घेतल्या. तिसऱ्या दिवशी पाकीट घरात ठेवलेलं होतं एवढं कारण पुरलं. त्याच आठवड्यात त्याला मोठी फिट आली. ओटीवर आडवा पडून तो धनुष्यासारखा वाकला, दात घट्ट आवळलेले, तोंडाला फेस. रहिमाने त्याला कुशीवर वळवलं आणि डोकं मांडीवर धरून बसली. शुद्ध आली तेव्हा डोळे उघडून त्याने पाहिलं की आपण कुणाच्या मांडीवर आहोत, आणि घाबरून सरपटत भिंतीकडे गेला.

पेणचे डॉक्टर स्वच्छ म्हणाले, "अशा फिट येत राहिल्या तर एखादी जिवावर बेतेल." म्हणजे आता प्रश्न नझीर तिला ओळखतो की नाही एवढाच उरला नव्हता. तो जगतो की नाही हा होता.

हाजराबीने निर्णय दिला. "तू थोडे दिवस अष्टमीला जा. तू नजरेआड झालीस तर कदाचित घेईल गोळ्या. सफा इथेच राहील, तिची शाळा हाय." थोडे दिवस म्हणजे किती, हे रहिमाने विचारलं नाही. माहेरी पाठवलेल्या आणि परत न बोलावलेल्या बायका तिने पाहिल्या होत्या. आणि सफा इथेच राहील याचा अर्थही तिला बरोबर कळत होता.

अष्टमीत म्हाताऱ्या वडिलांनी काही विचारलं नाही, हे त्यांचे उपकार. रहिमा भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. सफाची आठवण अनावर झाली तेव्हा ती पूल ओलांडून रोह्याच्या स्टँडजवळ काळुरामच्या एसटीडी बूथवर गेली. दुपारची वेळ होती, तमीम जेवायला घरी असेल, त्याच्याकडून पोरीची खुशाली कळेल, असा तिचा हिशेब. काळुराम एका पायाने अधू, पण कानाने तिखट. त्याने नंबर लावून दिला आणि वर्तमानपत्र वाचायचं नाटक सुरू केलं.

"हालो?"

तमीम नव्हता. नझीर होता. रहिमाचा हात फोन ठेवायला निघाला होता. पण तोंडातून गेलं, "मी बोलतेय."

"कोण? जरा मोठ्याने बोला, लाइन खराब हाय."

मोठ्याने बोल, असं तिला घरात कुणी म्हटल्याला जमाना झाला होता. ती आपल्या मूळ आवाजात बोलली. "मी! रहिमा!"

पलीकडे क्षणभर नुसती खरखर. मग नझीरचा आवाज आला, शुक्रवारचा, जसाच्या तसा. "रहिमा? काय गो, जेवलीस?"

रहिमाने बूथची काच धरली.

"कुठं हायस तू?" नझीर भरभर बोलत होता. अबोल माणूस, पण फोनवर तो नेहमीच जास्त बोलायचा. "मी कोणाला विचारू? सगळे सांगतात, घरातली ती बाय म्हणजेच तू. अम्मा पण तिच्या बाजूला गेलीय. सगळ्यांना फसवलंन गो तिने! आता चार दिवस दिसत नाय, पण जाताना काय करून गेलीय कोण जाणे. मी तर पाणीसुद्धा शेजारून आणून पितो."

"गोळ्या? गोळ्या घेता का?"

"त्या घरातल्या गोळ्या? याड लागलंय का मला? आणि ऐक, तुझ्यासाठी कापड आणलंय. जांभळं जॉर्जेट. तू मागे बोलली होतीस ना, लग्नाला जायला पायजे म्हणून? कोणाला दाखवलं नाय. तू आलीस की देईन. पेटीत कुलूप घालून ठेवलंय, ती बाय टपलेली असते."

रहिमा हसली की रडली हे काळुरामलाही सांगता आलं नाही, आणि तो तर तिच्याकडेच बघत होता. "मी अष्टमीत हाय," ती म्हणाली. "बाबांकडे."

"मग ये की. आजच ये. मी वाट बघतो."

ती घरी निरोप सांगायलाही थांबली नाही. मिळाली ती पेणची गाडी धरली. भिसे खिंडीत गाडी धापा टाकत होती आणि रहिमाला वाटत होतं उतरून पुढे धावावं. नागोठणं गेलं, गडब गेलं. गडब दिसताच तिला तो सोंगाड्या आठवला आणि आपण नझीरबद्दल काय काय धरून बसलो होतो याची तिला लाज वाटली. आता सगळं संपलं होतं. त्याने ओळखलं होतं.

नझीर ओटीवर बसला होता. दाढी केलेली, धुवट शर्ट, केसांना तेल. मांडीवर जांभळं कापड. ती अंगणात आली तसा तो उभा राहिला, आणि तिला पाहून पुन्हा खाली बसला. कापड चटकन शर्टाखाली घेतलं.

"तुम्ही परत आलात?" तो म्हणाला. मग तिच्या खांद्यावरून रस्त्याकडे बघत राहिला. "आज जा तुम्ही. रहिमा येणार हाय. तिला आवडायचं नाय."

रहिमा तिथेच अंगणात बसली. तो मात्र संध्याकाळपर्यंत तसाच रस्त्याकडे डोळे लावून होता, तेल लावून, भांग पाडून. माणूस इतकं खरं सोंग करू शकत नाही, हे तिला त्या संध्याकाळी कळलं. आणि मांजराच्या दिवशी तो परसात का धावत आला होता, तेही कळलं. कानाने ऐकतो तेव्हा मी असते. डोळ्याने बघतो तेव्हा मी नसते.

हे तिने तमीमला सांगितलं, आणि तमीमने दुसऱ्या दिवशी मुंबईच्या डॉक्टरांची वेळ घेतली. नझीर जायला तयार होईना. तेव्हा रहिमा हाजीसाहेबांच्या दुकानात गेली, तिथून आपल्याच घरी फोन लावला आणि नवऱ्याला सांगितलं, "तमीमभाई नेतील तिथे जा. मी सांगते ना." तो गेला. त्याच टेम्पोत मागे, तोंडावर ओढणी घेऊन, रहिमाही बसली होती.

मुंबईची डॉक्टरीण वयाने पोक्त होती. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, डोक्याचे फोटो पाहिले आणि रहिमाला बाजूला बोलावलं.

"समोरचा चेहरा बघितला की मेंदूत दोन कामं होतात," ती म्हणाली. "एक म्हणजे हे कोण, ते कळणं. आणि दुसरं, त्या माणसाबद्दलची माया जागी होणं. दोन्हीच्या नसांच्या वाटा वेगळ्या. यांची पहिली वाट शाबूत आहे, म्हणून तुमचा तीळसुद्धा त्यांना ठाऊक आहे. डोळ्यांपासून मायेपर्यंत जाणारी वाट अपघातात तुटलीय. आता विचार करा, समोर बायकोचा चेहरा आहे आणि आत काहीच हलत नाही. मेंदू म्हणतो, ही नक्कल आहे. त्यांच्या जागी तुम्ही असतात तर तुम्हीही हेच म्हटलं असतं. कानाकडून येणारी वाट मात्र धड दिसतेय."

"पण मग आईला ओळखतात, पोरीला ओळखतात. मीच का?"

"हे नेमकं कोणालाच सांगता येत नाही. पण बहुतेक वेळा सगळ्यांत जवळच्या माणसाबद्दल होतं. जिथे माया जास्त असायची, तिथेच ती नाही हे मेंदूला जास्त खुपतं."

इतके दिवस मोहल्ल्याने, सासूने आणि तिने स्वतःनेही जे काही धरलं होतं, ते सगळं या एका वाक्यात उलटं झालं. रहिमा तिथेच ओढणीत तोंड घालून हमसून रडली. बरे होतील का, या प्रश्नावर मात्र डॉक्टरीण गोड बोलली नाही. काहींचं हळूहळू जातं, काहींचं राहतं. वाद घालू नका, पुरावे देऊ नका. गोळ्या मात्र चुकता कामा नयेत.

आणि मग रहिमाने जे सुरू केलं, त्याने मोहल्ल्याला नवीन विषय मिळाला. रोज दुपारी स्वयंपाक उरकला की ती डोक्यावर ओढणी घेऊन हाजीसाहेबांच्या दुकानात जायची आणि फोन करायची. नवरा असा घरात पडलाय आणि ही रोज दुपारी फोन करते कोणाला? बायकांनी पुन्हा कान टवकारले. हाजीसाहेबांना विचारून पाहिलं. हाजीसाहेबांना सगळं माहीत होतं, पण त्यांनी तोंडाला कुलूप घातलं होतं.

पहिल्या दिवशी फोनची घंटा वाजली तेव्हा हाजराबी फोनशेजारीच बसून होती. डॉक्टरीण काय म्हणाली ते तमीमने तिला समजावलं होतं. तिला डोळ्यांनी कमी दिसायला लागलं होतं, सकाळची गोळी आणि दुपारची गोळी तिला वेगळी करता येत नसे, म्हणून गोळ्या सुनेच्याच हातून जायला हव्या होत्या. तिने फोन उचलला, पलीकडे सुनेचा दबका आवाज ऐकला आणि म्हणाली, "मोठ्याने बोल गो, पयल्यासारखी. त्याला ऐकू जाऊ दे." मग मुलाच्या हातात फोन दिला.

"काय गो, जेवलीस?"

"व्हय, जेवले," रहिमा म्हणाली. "तुम्हाला एक सांगायचं राहून गेलं. घरात ती बाय हाय ना, तिला मीच पाठवलीय."

"तू?"

"बाबांना बरं नाय, मला निघता येत नाय. म्हणून म्हटलं तुमच्याकडे बघायला कोणीतरी पायजे. आमच्या अष्टमीचीच हाय. नात्यातली."

दुकानात कोणीतरी गूळ मागत होतं.

"मग आधी नाय सांगायचं?" तो एकदम उखडला. "मी तिला किती घालून पाडून बोललो!"

"चुकलं माझं."

"नात्यातली म्हणूनच तुझ्यासारखी दिसते," तो म्हणाला. त्याला एकदम सगळं जुळलं होतं. मग त्याने आवाज खाली आणला, घरातल्या त्या बाईला ऐकू जाऊ नये म्हणून. "वाईट नाय गो ती. कामाला चांगली हाय. सफाला पण जीव लावते. पण तिला काहीतरी दुःख हाय. चुलीपाशी बसून रडते. नवरा विचारत नसेल."

समोर हाजीसाहेब तराजूत काहीतरी घालत होते आणि तिच्याकडे मुद्दाम बघत नव्हते. रहिमाने ओढणीचा बोळा तोंडात धरला आणि मग सोडला. आवाज तसाच खणखणीत ठेवून म्हणाली, "असेल. तिच्या हातची गोळी घ्या. जेवण पण तिच्याच हातचं. माझी शपथ हाय."

"घेतो. पण तू कधी येशील?"

"येते," रहिमा म्हणाली. "बाबांना बरं वाटलं की लगेच."

फोन ठेवून ती घरी आली. दारात तोंड पुसलं आणि आत गेली. नझीर जेवायला बसला होता. ताटात तिने केलेली भाकरी आणि बोंबलाचं कालवण, अजून हात न लावलेलं. तिने गोळी आणि पाण्याचा पेला पुढे केला. त्याने तिच्याकडे पाहिलं. नजरेत ओळख नव्हती, पण ती सावध चमकही नव्हती. त्याने तळहात पुढे केला, गोळी घेतली आणि पाण्याबरोबर गिळली. दाराआड हाजराबी तसबीह ओढायची विसरून उभी होती.

रहिमा पाठ फिरवून चुलीकडे निघाली.

"काय गो," मागून नझीर म्हणाला. आजवर तो तिला तुम्ही म्हणायचा. "जेवलीस?"

रहिमा थांबली. या प्रश्नाला इतकी वर्षं तिने एकच उत्तर दिलं होतं. ते आता ओठांवर येईना.

"नाय," ती म्हणाली. "अजून नाय जेवले."

"मग बस की," नझीर म्हणाला, आणि त्याने आपलं ताट दोघांच्या मध्ये सरकवलं.